न दिसलेलें आणि नसलेलें

शरीराच्या क्षीणतेची वार्ता मनुष्याला बहुधा शरीरच देतें. जिना चढतांना गुडघा आपलें वय सांगतो. दांत हालूं लागला म्हणजे अडकित्ता आपण होऊन दूर ठेवावा लागतो. समोरच्याचे ओठ हालतांना दिसतात पण शब्द पोहोंचत नाहींत, तेव्हां कान मंद झाल्याचें कळतें. डोळ्याची गोष्ट इतकी सरळ नाहीं. जवळचीं अक्षरें पुसट झालीं कीं चाळिशी लागली हें जो तो ओळखतो. कारण तेथें अक्षर आहे हें त्याला ठाऊक असतें, व तें वाचतां येत नाहीं हेंहि ठाऊक असतें. परंतु जी वस्तु मुळींच दिसली नाहीं, तिच्याविषयीं डोळा तक्रार कशी करणार? न दिसलेल्या वस्तूच्या जागीं कांहीं भगदाड पडलेलें दिसत नाहीं. तेथें रस्ताच दिसतो, आणि तो मोकळा दिसतो.

घरांत वावरणाऱ्या वृद्धाला एखादी पायरी दिसली नाहीं तर इजा त्याची त्यालाच होते, आणि त्याची काळजी वाहणारीं माणसें भोंवतीं असतात. पण तोच गृहस्थ जेव्हां मोटार चालवावयास बसतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांवर अशा माणसांचे जीव अवलंबून राहतात कीं ज्यांनीं त्याला कधीं पाहिलेलें नसतें. ती शाळेंतून परतणारी मुलगी, तो भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारा म्हातारा, यांनीं त्याच्या दृष्टीवर विश्वास ठेवला आहे. तो त्यांनीं विचार करून ठेवलेला नाहीं, रस्त्यावर पाऊल टाकतांना तो ठेवावाच लागतो. म्हणून प्रश्न उपस्थित होतो तो असा : ज्या उणिवेची जाणीवच आपल्याला होत नाहीं, तिच्याबद्दल आपण कितपत जबाबदार आहों? आणि "मला नीट दिसतें" ही मनुष्याची स्वतःविषयींची साक्ष कितपत ग्राह्य मानावी?

आधीं वस्तुस्थिति पाहूं. वयोमानानें डोळ्याची बाहुली लहान होत जाते. अंधारांत ती तरुणपणीं जितकी विस्फारत असे तितकी पुढें विस्फारत नाहीं. आंतील नेत्रमणि जाड व पिवळसर होऊं लागतो. या दोहोंचा परिणाम असा कीं, साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशींतील मनुष्याच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोहोंचतो, असा नेत्रशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे रस्ता तोच, सायंकाळ तीच. पण बापाच्या डोळ्यांत मुलाच्या डोळ्यांपेक्षां रात्र आधीं होते. नेत्रमणि गढूळ होऊं लागला म्हणजे आंत येणारा प्रकाश विखुरतो, समोरच्या गाडीच्या दिव्यांनीं डोळे दिपतात, आणि दिपलेले डोळे पूर्ववत् होण्यास पूर्वींपेक्षां अधिक वेळ लागतो. वरंधा किंवा आंबा घाटांतून रात्रीं मोटार नेतांना समोरून दिवे आले कीं क्षणभर सारें पांढरें होतें, हा अनुभव कोणत्याहि वयांत येतो. फरक इतकाच कीं पंचविशींत तो क्षण क्षणच असतो, आणि सत्तरींत तो लांबतो. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत अकरा मीटर पुढें गेलेली असते.

याहून सूक्ष्म असा एक बदल आहे. ठळक वस्तु दिसत राहते, पण भोंवतालच्या रंगांत मिसळलेली वस्तु वेगळी ओळखूं येत नाहीं. संधिप्रकाशांत काळ्या कपड्यांतला पादचारी, मागें दिवा नसलेली सायकल, साखर कारखान्याच्या वाटेवर कडेला उभी राहिलेली उसाची ट्रॉली, या सर्वांना पार्श्वभूमीपासून निराळें काढणें हें डोळ्याचें काम तक्त्यावरील अक्षर वाचण्याहून वेगळें आहे. अक्षरें वाचण्याची शक्ति उत्तम असतांना ही दुसरी शक्ति उणावलेली असूं शकते.

आणि आपली तपासणी असते ती बव्हंशीं अक्षरांची. नेत्रवैद्याच्या भिंतीवरचा तो सुपरिचित तक्ता उट्रेख्ट येथील हर्मन स्नेलन या डच वैद्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केला. चष्म्याचा नंबर ठरविण्याला तो अप्रतिम आहे. पण त्यांत पांढऱ्यावर काळें अक्षर असतें, उजेड पुरेसा असतो, अक्षर हालत नाहीं, पाहणारा खुर्चीवर स्वस्थ बसलेला असतो, आणि उत्तर देण्याची घाई नसते. रस्त्यावर यांपैकीं एकहि गोष्ट मिळत नाहीं. आपल्या देशांत चाळिशी उलटलेल्या मनुष्याला वाहनाच्या परवान्यासाठीं डॉक्टराचें प्रमाणपत्र जोडावें लागतें. त्याच्या छापील नमुन्यांत रंगांची ओळख व रातांधळेपणा यांविषयीं प्रश्न आहेत. आणि दिवसाच्या चांगल्या उजेडांत पंचवीस मीटरांवरून मोटारीची नंबराची पाटी ओळखतां येते काय, असाहि एक प्रश्न आहे. ताशीं साठ किलोमीटर वेगानें पंचवीस मीटर म्हणजे दीड सेकंद होतो. हा प्रश्न निरुपयोगी आहे असें नव्हे; परंतु जो मनुष्य भर दुपारीं स्थिर पाटी वाचतो, तो पावसाळ्यांत सायंकाळीं सात वाजतां पाटी नसलेलें मूल पाहील, अशी हमी त्या उत्तरांतून मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील मनुष्याचा परवाना पांच वर्षांपुरता असतो. पांच वर्षांचा काळ कायद्याच्या दृष्टीनें अल्प असेल. वाढत्या मोतीबिंदूच्या दृष्टीनें तो अल्प नाहीं.

पाहण्याचें काम केवळ डोळ्यावर संपत नाहीं, हेंहि येथें लक्षांत घेतलें पाहिजे. समोर नजर ठेवून त्याच क्षणीं बाजूनें येणारी वस्तु टिपणें, आणि अनेक वस्तूंतून महत्त्वाची वस्तु निवडणें, हें मेंदूचें काम आहे. एका दृष्टिक्षेपांत मन जेवढा प्रदेश उपयोगांत आणूं शकतें तो प्रदेश वयाबरोबर आकुंचित होऊं शकतो. डोळा निरोगी असला तरीहि. अमेरिकेंत आलाबामा राज्यांत कार्लीन बॉल, सिंथिया ऑस्ली व त्यांचे सहकारी यांनीं वयस्क चालकांची या दृष्टीनें परीक्षा घेतली. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांचा हा उपयुक्त दृष्टिप्रदेश बराच आकुंचित झाला होता, त्यांना मागील पांच वर्षांत अपघात झालेला असण्याचा संभव इतरांच्या सहापट होता. वयस्क चालकांचे अपघात चौकांत, विशेषतः समोरून येणारी रहदारी छेदून वळतांना, अधिक प्रमाणांत होतात हें अन्यत्रहि आढळून आलें आहे. याचें कारण उघड आहे. चौकांत एकाच वेळीं चार दिशा पहावयाच्या असतात, येणाऱ्या गाडीचा वेग अजमावयाचा असतो, आणि निर्णय क्षणांत घ्यावयाचा असतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चौकांत उभा असलेला चालक डावीकडे, उजवीकडे पाहतो व मनाशीं म्हणतो, "रस्ता मोकळा आहे." हें ज्ञान कोणत्या प्रकारचें आहे? "समोर बैल आहे" हें ज्ञान वस्तूच्या दर्शनानें होतें. "समोर कांहीं नाहीं" हें ज्ञान दर्शनानें नव्हे, तर न दिसण्यानें होतें. आपल्या तत्त्वज्ञांनीं या भेदाचा फार बारकाईनें विचार केलेला आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेंतील मीमांसकांनीं, आणि पुढें अद्वैत वेदान्त्यांनींहि, अनुपलब्धि नांवाचें एक स्वतंत्र प्रमाण मानलें. जमिनीवर घट नाहीं हें आपल्याला घट न दिसल्यामुळें कळतें, हें त्यांचें नेहमींचें उदाहरण. पण त्यांनीं त्याला एक अट घातली. प्रत्येक न दिसणें हें नसण्याचें प्रमाण होत नाहीं. घट असता तर तो खात्रीनें दिसला असता, अशी परिस्थिति असली पाहिजे. उजेड पाहिजे, डोळा समर्थ पाहिजे, मध्यें आडपडदा नसला पाहिजे. या योग्यतेवांचून जें न दिसणें, त्यावरून घटाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें म्हणणारा मनुष्य घटाबद्दल नव्हे, आपल्या अंधाराबद्दल बोलत असतो.

वृद्ध चालकाचा सारा प्रश्न या एका अटींत सांठवलेला आहे. "रस्ता मोकळा आहे" हें त्याचें वाक्य त्याच्या डोळ्याच्या योग्यतेवर उभें आहे. ही योग्यता वर्षानुवर्षें हळूहळू उतरत जाते, पण तिच्या आधारावर उभा राहिलेला निश्चय मात्र तसूभरहि उतरत नाहीं. उलट चाळीस वर्षांच्या संवयीनें तो अधिकच दृढ झालेला असतो. कांचबिंदूचा रोगी घ्या. त्याच्या दृष्टीच्या कडा कित्येकदां वेदना न होतां झिजत जातात, आणि पुष्कळांना त्याचा पत्ता फार उशीरां लागतो. कारण गेलेल्या भागाच्या जागीं काळोख दिसत नाहीं, मेंदू तेथें भोंवतालच्या दृश्याची भर घालून चित्र पुरें करतो. निरोगी डोळ्यांतहि जेथून मज्जातंतु बाहेर पडतो तेथें एक अंध बिंदु असतो. सतराव्या शतकांत एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो प्रयोगानें दाखवून देईपर्यंत मनुष्यजातीला त्याची गंधवार्ता नव्हती. हजारों वर्षें प्रत्येक मनुष्य दोन छिद्रें घेऊन जगाकडे पाहत होता, आणि जग त्याला अखंड दिसत होतें!

यावर कोणी म्हणेल कीं, हा वृद्धांवर अन्याय आहे. बेफाम मोटार हांकतात ते तरुण. म्हातारीं माणसें सावकाश जातात, मद्य पिऊन गाडी चालवीत नाहींत, रात्रीं व पावसांत बाहेर पडण्याचें पुष्कळदां स्वतःच टाळतात. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. नवशिक्या तरुणांच्या हातून अपघात अधिक होतात हें अनेक देशांत दिसून आलें आहे. आणि अपघातांत वृद्ध चालक अधिक दगावतात याचें एक मोठें कारण त्यांचें शरीर आघात सोसूं शकत नाहीं हें आहे. शिवाय पंचाहत्तर वर्षांच्या दोन मनुष्यांचे डोळे सारखे नसतात. म्हणून अमुक वय झालें कीं गाडी सोडावी असा नियम बुद्धीला पटत नाहीं. पण आक्षेपाचा रोख वयावर आहे. आपला प्रश्न वयाचा नसून साक्षीचा आहे. तरुणाचा बेफामपणा त्याला स्वतःला ठाऊक असतो व इतरांनाहि दिसतो. वृद्धाची सावधगिरी मात्र तो जें पाहूं शकतो तेवढ्यापुरतीच चालते. ज्याला अंधार जाणवतो तो रात्रीं जाण्याचें टाळील. ज्याला कडा गेल्याचें जाणवतच नाहीं तो कशापासून जपणार?

येथें जबाबदारीची सीमारेषा काढतां येईल असें वाटतें. न दिसणें हा दोष नाहीं. तो देहधर्म आहे, आणि देहधर्माबद्दल कोणालाहि लाजविणें हें निर्दयपणाचें आहे. परंतु आपल्या न दिसण्याची शक्यता आहे हें ठाऊक असूनहि त्याची परीक्षा न करून घेणें हें आपल्या इच्छेंतलें कृत्य आहे, आणि इच्छेंतल्या कृत्याला नीतीचा न्याय लागतो. जुनी दोरी विहिरींत सोडणाऱ्यानें ती तुटेल असें मला वाटलें नव्हतें असें म्हणून चालत नाहीं. दोरी जुनी आहे हें त्याला माहीत होतें, आणि ती ताणून पाहणें त्याच्या हातीं होतें.

१७ जानेवारी १९ रोजीं, म्हणजे २०१९ सालीं, इंग्लंडांत सँड्रिंगहॅमजवळ राणी एलिझाबेथचे पति राजपुत्र फिलिप यांची मोटार एका चौरस्त्यावर दुसऱ्या मोटारीवर आदळून उलटली. त्यांचें वय त्या वेळीं सत्याण्णव वर्षांचें होतें. दुसऱ्या मोटारींत दोन स्त्रिया व नऊ महिन्यांचें एक मूल होतें. मूल बचावलें, एकीचें मनगट मोडलें. खालीं उतरलेला सूर्य समोर होता, आणि येणारी मोटार आपल्याला दिसली नसावी, अशा अर्थाचें पत्र राजपुत्रांनीं त्या जखमी स्त्रीला लिहिलें. मावळतीचा सूर्य कोणाच्याहि डोळ्यांत जाऊं शकतो, म्हणून हा वयाचाच दोष असें कोणी म्हणूं नये. लक्ष वेधतें तें त्या पत्रांतील कबुलीच्या स्वरूपाकडे. ती मोटार आपण पाहिली नाहीं, हेंहि त्यांना आठवणीनें नव्हे तर अनुमानानेंच लिहावें लागलें. आणि तें दुसरें काय असूं शकणार? फेब्रुवारीच्या ९ तारखेस त्यांनीं आपला परवाना परत केला.

त्याच वर्षीं एप्रिलमध्यें तोकियोच्या इकेबुकुरो भागांत सत्याऐंशी वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याच्या मोटारीखालीं एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी मरण पावल्या. तेथें प्रश्न डोळ्याचा नव्हता, पायाचा होता. ब्रेकच्या ऐवजीं वेगाचें पेडल दाबलें गेलें, असा न्यायालयानें २०२१ सालीं निर्णय दिला. खटल्यांत आरोपीचें म्हणणें मात्र असें होतें कीं, आपण ब्रेकच दाबला, दोष गाडीचा आहे. तो खोटें बोलत होता असें मानण्याची गरज नाहीं. कदाचित् त्याच्या अंतःकरणानें त्याला तसेंच सांगितलें असेल. आणि आपली साक्ष प्रामाणिक असूनहि खोटी असूं शकते, हीच या प्रकरणांतली भयानक गोष्ट आहे.

मग जेथें स्वतःची साक्ष पुरत नाहीं तेथें काय करावें? नैयायिकांनीं शब्दप्रमाण मानलें आहे तें अशाच ठिकाणीं कामास येतें. पण तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. म्हणजे ज्याला वस्तुस्थिति ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, अशाचा. आपल्या भाषेंत आप्त याचा दुसरा अर्थ नातलग असा आहे, आणि या बाबतींत दोन्ही अर्थ एकत्र येतात. शेजारच्या आसनावर बसलेल्या पत्नीनें "अहो, ती सायकल दिसली ना?" असें म्हणून हात घट्ट धरला, तर ती टोमणा मारीत नसते, साक्ष देत असते. गाडीवरील नवा ओरखडा पाहून मुलगा गप्प राहतो. नानांना कसें सांगावें, त्यांनींच तर आपल्याला गाडी शिकविली, असें त्याला वाटतें. हा संकोच आपल्या घरांत आदराच्या नांवाखालीं वावरतो. परंतु ज्या आदराची किंमत रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला मोजावी लागते, तो आदर घरच्यांनीं फुकट मिळविलेला असतो. मुलानें बापाला आज्ञा करूं नये हें खरेंच, पण "नाना, यंदा तुमची व माझी, दोघांचीहि डोळ्यांची पुरी तपासणी करून घेऊं, नुसत्या नंबराची नव्हे, बाजूच्या दृष्टीचीहि," असें म्हणण्यांत आज्ञा कोठें आहे? आणि वडिलांनीं त्याहून आधीं, साठीच्या आंतच, डोळे चांगले असतांना मुलांना सांगून ठेवावें कीं, माझ्या गाडींत बसतांना तुम्हांला भीति वाटेल त्या दिवशीं मला सांगा, मी रागावलों तरी सांगा. असा अधिकार अगोदर दिलेला असला म्हणजे पुढें सांगणाऱ्याला उद्धटपणा करावा लागत नाहीं आणि ऐकणाऱ्याला पराभव वाटत नाहीं.

तपासणीची भीति वाटते ती ती शिक्षा आहे या समजुतीनें. वस्तुतः ती पुष्कळदां सुटका असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वयस्क चालकांचे अपघात, ती न केलेल्यांच्या मानानें सुमारें निम्मे आढळले, असें ऑस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दाखविलें. म्हणजे ज्यानें परीक्षा दिली त्याच्या हातीं गाडी राहण्याचाच संभव वाढला. ज्यांच्या बाबतींत उपाय नाहीं त्यांनींहि सर्व एकदम सोडण्याचें कारण नाहीं. गृहस्थाश्रमांतून एका उडीनें संन्यासांत जावें असें आपल्या परंपरेनेंहि सर्वांना सांगितलें नाहीं. मध्यें वानप्रस्थ ठेवला. आधीं रात्रीचा प्रवास सोडावा, मग घाट, मग महामार्ग, आणि शेवटीं चौकापर्यंतची गाडी.

तथापि सारा भार वृद्धाच्या विवेकावर टाकून समाजाला मोकळें होतां येणार नाहीं. किल्ली खालीं ठेवणें म्हणजे दवाखाना, देऊळ, बँक, जुने स्नेही, या सर्वांना मुकणें अशी जेथें स्थिति आहे, तेथें मनुष्य आपल्या डोळ्यांशीं खोटें बोलणारच. जपानांत १९९८ पासून परवाना स्वेच्छेनें परत करण्याची सोय आहे, आणि परत करणाराला २००२ पासून, त्यानें मागितल्यास, वाहन चालविल्याच्या इतिहासाचें प्रमाणपत्र मिळतें. तें दाखवून अनेक ठिकाणीं बस व टॅक्सी यांच्या भाड्यांत सवलत मिळते. २०१९ या एका वर्षांत तेथें सुमारें सहा लाख लोकांनीं परवाने परत केले. या योजनेंतली सवलत महत्त्वाची आहेच. पण त्याहून सुंदर आहे ती ही कल्पना कीं, परवाना देणाऱ्या माणसाच्या हातांत कांहींतरी परत ठेवावें, आणि त्यावर तो किती वर्षें विश्वासानें रस्त्यावर वावरला याची नोंद असावी.

आपल्याकडे २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत निम्म्याहून अधिक दुचाकीवरचीं व पायीं चालणारीं होतीं. यांतलीं किती कोणाच्या मंद दृष्टीमुळें गेलीं याचा हिशेब कोणी मांडूं शकणार नाहीं, आणि तरुणांच्या बेदरकारपणाचें माप वृद्धांच्या पदरांत घालण्याचेंहि कारण नाहीं. पण आपल्या रस्त्यांवर मोटारीबाहेरचीं माणसें फार आहेत, त्यांच्यावर दिवे नाहींत, आणि तीं चालकाला दिसलीं नाहींत तर त्यांच्याजवळ दुसरें संरक्षण नाहीं. ज्यानें आयुष्यभर नीट पाहिलें त्यानें अखेरच्या वर्षांत एवढेंच करावयाचें आहे : जें मला दिसलें नाहीं तें नाहींच, असें म्हणण्यापूर्वीं दुसऱ्या एका डोळ्याला विचारावें. त्यांत त्याचा मान कमी होत नाहीं. त्याच्या ज्ञानांतली एक उणीव कमी होते, आणि एखादें मूल सुखरूप घरीं पोहोंचतें.